ओढ्याच्या तोंडाशी टांगलेल्या शिंपल्या

पुनावळे,
रविवार, १९ जानेवारी २०२५

ती. पूनमअक्का,

नमस्कार. घरी सगळे बरे असाल असं धरून चालते. माझा फोन तू उचलत नाहीस आणि दाजींच्या फोनवर निरोप ठेवायची माझी छाती होत नाही, म्हणून पोस्टाने लिहिते आहे.

इकडे ठीक आहे. रणजीतची दुसरी शिफ्ट चालू आहे. तो चाकणहून घरी येतो तेव्हा मी झोपलेली असते आणि मी कॉलेजात निघते तेव्हा तो. परवा मोशीला माहेरी जाऊन आले. अण्णांचा गुडघा थंडीने धरलाय, पण ऐकत नाहीत. आपल्या खालच्या रानात सोसायटी उभी राहिली आहे ना, तिच्या वॉचमनपाशी खुर्ची टाकून बसतात आणि इथं ज्वारी कशी यायची ते त्याला सांगतात. तुझं विचारलं. "पूनमचा फोन न्हाई आला लई दिसांत." मी म्हणाले, कामात असेल. आपलं काय झालंय ते त्यांना अजून माहीत नाही.

विजयश्रीला सातवा लागला असेल. पाय सुजतात का तिचे? जयदीप रजा काढून येतो का? पहिलंच बाळंतपण, सुनेला तुझ्यासारखी सासू आहे म्हणून मला काळजी नाही. तिच्या खाण्यापिण्याबद्दल एक लिहायचं आहे, ते जरा पुढे लिहिते.

अक्का, गेलं वर्ष माझ्या नोकरीतलं सगळ्यात सुखाचं गेलं, हे तुला कधी बोलून दाखवलं नाही. तुमच्या धरणाच्या पाण्याचा अभ्यास माझ्याकडे आला तेव्हा मला धाकधूकच जास्त होती. मला पोहता येत नाही, होडीत पाय ठेवला की दोन्ही हातांनी कड धरून बसते. तू वल्हं हातात घेतलंस आणि म्हणालीस, "बस गप. मोशीच्या घाटावर बुडत व्हतीस तवा मीच काढली व्हती, हितंबी काढीन." मग जाळीच्या पिशव्यांत जिवंत शिंपल्या भरून आपण त्या पाण्यात टांगल्या. कारखान्यांकडचा ओढा धरणाला मिळतो तिथे, दाजींच्या मासळीच्या पिंजऱ्यांपाशी, आणि तुमच्या घाटाखाली. शिंपली एका जागी बसून दिवसभर पाणी आत ओढते, गाळते आणि सोडते, त्यामुळे पाण्यात जे असेल ते थोडं थोडं तिच्या मांसात साठत जातं, असं मी तुला समजावत होते. तू म्हणालीस, "म्हंजे आपल्या आईगत. समद्यांचं गाळून सोताकडं ठिवायचं." ते मी वर्गात मुलांना जसंच्या तसं सांगितलं. होडीतून परत येताना तू भाकरी काढायचीस, आणि आपण दोघी लग्नाआधीच्या असल्यासारख्या हसत बसायचो.

दिवाळीनंतरचे ते दिवस तुला सांगायला नकोत. आभाळ भरून राहिलं होतं, गार वारा सुटला होता. तुझा फोन आला, "ये गं, मासं वर आल्यात." मी पोचले तेव्हा पिंजऱ्यांतली सगळी चिलापी पोट वर करून तरंगत होती आणि घारी फिरत होत्या. दाजी पिंजऱ्याच्या फळीवर उकिडवे बसले होते. एकेक मासा हातात घेत होते, बघत होते, परत पाण्यात सोडत होते. माझ्याकडे मान वर न करता म्हणाले, "बघ, कारखान्यांनी काय केलं. तू तपास आता. तपासणारं आपलंच मानूस हाय, ते बरं झालं."

अक्का, मलाही कारखानाच सापडायला हवा होता. मी तोच शोधत होते. पण ओढ्याच्या तोंडाशी टांगलेल्या शिंपल्या जिवंत होत्या, हात लावताच घट्ट मिटत होत्या. मेल्या होत्या त्या पिंजऱ्याखालच्या. पिंजऱ्याला बांधलेल्या यंत्रात त्या पहाटे पाण्यातला प्राणवायू संपत आल्याचं दिसत होतं. वर्षभर टाकलेलं खाद्य आणि माशांची घाण तळाला कुजत होती, पिंजऱ्यांत मासे दाटीने भरले होते, आणि गार वाऱ्याने तळाचं पाणी ढवळून वर आलं. धरणातले मोकळे मासे बाजूला पळाले. पिंजऱ्यातल्यांना पळायला जागा नव्हती, ते गुदमरले. ओढ्यातून विष आलं असतं तर ओढ्याच्या तोंडच्या शिंपल्या आधी मेल्या असत्या.

मासे मेल्याच्या तक्रारीवर सुनावणी झाली, तिथे मला विचारलं, मी हेच सांगितलं. आणि पुढेही सांगत होते, की हे मासे ओढ्याच्या पाण्याने मेले नाहीत म्हणून ते पाणी चांगलं आहे असं कुणी समजू नका. त्यातून क्रोमियम आणि निकेल येतं आहे, मुलामा चढवणाऱ्या कारखान्यांत वापरतात ते धातू, आणि ते शिंपल्यांत साठत चाललं आहे. पण तोवर सभागृहात गोंधळ झाला होता, कुणाचंच कुणाला ऐकू येत नव्हतं. कारखान्यांच्या वकिलांनी पहिलं वाक्य उचललं. दुसऱ्या दिवशी पेपरात तेवढंच आलं, शेजारी माझा फोटो.

त्या संध्याकाळी मी तुमच्याकडे आले ते समजावायलाच. दाजी म्हणाले, "नवरा कंपनीत, पगार कंपनीचा. मिंधं मानूस असंच बोलनार." रणजीतच्या कंपनीचं पाणी त्या ओढ्याला जातही नाही. त्यांचं एवढं गेलं होतं, ते बोलणारच. तू मात्र माझ्यासाठी वाढलेलं ताट उचललंस आणि आत नेऊन ठेवलंस. अक्का, ते मला अजून गिळवत नाही.

आता ज्याच्यासाठी कागद घेतला ते लिहिते. एवढा वेळ इकडचं तिकडचं लिहीत बसले, कारण हे कसं लिहावं तेच कळत नव्हतं.

घाटाखालच्या शिंपल्यांचा निकाल डिसेंबरातच आला होता. मला तो खरा वाटेना. धातू ओढ्याच्या तोंडाशी असेल, तुमच्या घाटापर्यंत इतका कसा येईल? म्हणून दुसऱ्या प्रयोगशाळेत परत नमुने पाठवले, आणि तोवर निदान त्या शिंपल्या खाणं थांबवा असं सांगायला तुला फोनवर फोन करत राहिले. तुला वाटलं असेल, ही मिटवायला फोन करते आहे. परवा दुसरा निकाल आला. तोही तसाच आहे.

पाणी उतरलं की तू घाटावरून शिंपल्या काढून आणतेस आणि आलं-लसूण लावून विजयश्रीला रस्सा करून घालतेस. पोटुशीला ताकद येते म्हणून. मी स्वतः तुझ्या चुलीपुढे बसून तो ओरपलाय, तुझ्यासारखा कुणाला जमत नाही. आजपासून तो बंद कर. विजयश्रीला तर मुळीच देऊ नकोस. जे खाल्लं त्याने काही झालंच असेल असं नाही, ते कुणालाच असं सांगता येत नाही, तेव्हा पोरीला घाबरवू नकोस. पण तिच्या डॉक्टरांना हे कळलं पाहिजे. सोबत दोन्ही निकालांच्या प्रती ठेवल्या आहेत, त्यांना दाखव. विजयश्रीला मी थेट फोन करणार होते, पण पहिलटकरणीला हे फोनवरून कानावर घालायला मन घेईना. तिला जवळ बसवून तूच सांग.

माझ्यावरचा राग तसाच राहू दे, त्याची घाई नाही. बुधवारपर्यंत तुझ्याकडून काही कळलं नाही तर मी येईन. घरात घेऊ नका, अंगणातूनच सांगेन आणि परत फिरेन, पण येईन.

तुझी धाकटी,
अपेक्षा

* * *

साकुरवाडी,
रविवार, २ फेब्रुवारी

चि. अपेक्षा हिला पूनमचा आशीर्वाद.

बुधवारी फोनवर "पत्र भेटलं, शिंपल्या बंद केल्या" एवढंच बोलले आन ठिवला. तुझं दाजी म्होरं बसलं व्हतं. म्हनून आता बसून लिवते. तुझ्यावानी शुद्ध लिवता येत न्हाई, बोलते तसं लिवते.

तुझं पत्र आलं तवा टोपात रस्साच व्हता. परसात खड्डा घेतला आन पुरला, कोंबड्यांनाबी घातला न्हाई. विजयश्रीला जवळ घिऊन सांगितलं. पोरगी भ्याली न्हाई, मीच भ्याले. एका वाटीवर ती नगं म्हनायची आन मी दुसरी घ्यायला लावायचे, ते डोळ्याम्होरनं हलंना. दवाखान्यात नेली. बाळ बरं वाढतंय म्हनली डॉक्टरीन. तुझं कागद तिनं नीट वाचलं, रगात तपासाया घेतलंय, त्याचं अजून कळायचं हाय. दर पंधरा दिसानी बोलावलंय.

मी खड्डा बुजवत व्हते तवा दाजींनी इचारलं, काय चाललंय. मी पत्र त्यांच्या हातात दिलं. मासं गुदमरल्याचं वाचलं तवा तोंड वाकडं केलं. फुडचं दोनदा वाचलं. मग म्हनलं, "ह्ये शिंपल्यांचं तिनं सुनावनीत सांगितलं व्हतं?"

मी म्हनले, "सांगत व्हती. तुमी तवा उभं ऱ्हाऊन वरडत व्हता. तुमच्यामागं समदं गाव."

तू पत्रात नुसतं गोंधळ झाला म्हनून लिवलंस. त्यांचं नाव घेतलं न्हाईस. ते त्यांच्याबी ध्यानात आलं.

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत मी उठले. आजवर मी कदी उठले न्हवते. शिंपल्यांचं सांगितलं तर मागनं एकजन म्हनला, "तुझी भन तीच ना, मासं मालकानंच मारलं म्हननारी? आज कुनाच्या बाजूनं हाय ती?" समदी हसली. तेवढ्यात तुझं दाजी उठलं. मला वाटलं, आता मला खाली बसवत्यात. ते म्हनलं, "माझं मासं माझ्या दाटीनं मेलं. मी लई भरलं व्हतं पिंजऱ्यात, ही गोष्ट खरी हाय. तिनं माझ्या तोंडावर सांगितलं, माझी मेव्हनी असून. मंग शिंपल्यांचंबी खरंच सांगत आसंल." आन खाली बसलं. घरी आल्यावर जेवलं न्हाईत. तुझ्यावरचा राग गेलाय असं समजू नगंस, तुझं नाव निघालं की अजून उठून भाईर जात्यात. पर सभेत ते बोललं, ते मी माझ्या कानानं ऐकलं.

गावानं ठराव केलाय, ओढ्याच्या पान्याची तपासनी व्हावी म्हनून. अर्ज तुझ्याकडनंच लिवून घ्यायचा ठरलंय. येत्या रविवारी देवळाम्होरं बैठक हाय. तू ये. मासं आन शिंपल्या, दोनी सांग. कुनी मधी वरडाया लागलं तर त्याला मी बघते.

अजून एक. सभा उठल्यावर मंजुळाबाईनं मला धरलं. कातकरवाडीतली, शिंपल्या काढून बाजारला नेती ती. ती म्हनली, "तू तुझ्या सुनंला अंडी घालशील, मटान घालशील. माझ्या पोरींनी काय खायाचं त्ये तुझ्या भनीनं तपासलंय का?" ती माझ्या तोंडाकडं बघत उभी ऱ्हायली, मंग गेली.

पाचसात दिस हातात हायेत. तुझ्या कालेजात इचार, सायबाला इचार, कुनालाबी इचार. नुसतं "खाऊ नगा" सांगाया येऊ नगंस. तिला सांगाया कायतरी घिऊन ये.

वाट बघती,
पूनम