काळभैरवाला काय मागावं

६ जानेवारी, सोमवार

टाके काढले! आतड्यातली कॅन्सरची गाठ निघून आज पंधरा दिवस. सोलापूरचा डॉक्टर पोरसवदाच. "मावशी, पोट साफ होतंय का?" म्या म्हणलं, "तुमचं होतंय का?" नर्सबाई भिंतीकडं तोंड करून हसली.

मग त्यो गंभीर झाला. गाठीचा तुकडा आन् माझं रक्त जीन तपासायला धाडलंय. लई समजावलं. शेवटी म्याच म्हणलं — म्हंजी रोग बेण्यातलाच, का उभ्या उसाला मागून लागलेला? "अगदी बरोबर, मावशी!"

बेण्यातला, म्हंजी घराण्यातला असला तर गाठ सहसा लांब पसरत न्हाय. मी तरंन. पण लेकीला तपासावं लागंल, तिलाबी धोका. मागून लागलेला असला तर लेक सुटली — पण मग गाठ पसरायच्या जातीची असू शकती.

बरा सौदा हाय!

११ जानेवारी

थोरली जाऊ शांताक्का आली. गावाला आमी मूळव्याध सांगितलीया. "बसता येतं का गं?" म्या म्हणलं, "लई झ्याक! तुमीबी करून घ्या, अक्का." च्या न घेताच गेली.

१९ जानेवारी, रविवार

सोनारीला काळभैरवाच्या दर्शनाला गेलो. लेक भुवनेश्वरी कळंबवरनं आलती, लेकराला कडंवर घेऊन. तिला निम्मंच सांगितलंय — गाठीचं, जीन तपासणीचं न्हाय. भैरवापुढं म्या डोळं मिटले ते उघडंनातच. "अव्वा, इतका येळ काय मागतीस?"

"तुझ्या नवऱ्याला अक्कल."

"मग बस अजून घंटाभर!"

मागितलं हे — रोग मागून लागलेला निघू दे. पोरीला सोड, मला ने. हे गेल्यापासून सात वर्सं झाली, माझं काय राहिलंय! घरी येताना गाडीत ऊर भरून आलता. लई मोठी आई झाल्यावानी वाटत हुतं.

२३ जानेवारी

डॉक्टरचा फोन न्हाय. भांडी दोनदा घासली.

२७ जानेवारी, सोमवार

डॉक्टरचा फोन. बेण्यातलाच निघाला. जीनचा बिघाड गाठीत हाय, रक्तातबी हाय. "पसरायची भीती कमी, मावशी!"

मी एकटीच हसले. मोठ्यानं. च्या ठेवला, साखर जास्तीची घातली, कप भरून पिले.

कप इसळताना भुवी आठवली.