घड्याळाच्या पाठीवरचा शब्द

दि. ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दुकानात भिंतीवरचं एक घड्याळ आलंय. मागच्या पितळी झाकणावर एकच परका शब्द कोरलाय, तो कागदावर छापून सोबत पाठवतोय. गिऱ्हाईक म्हणतं, स्पॅनिश आहे. यंत्रांच्या स्पॅनिश पुस्तिका भाषांतरित करून पोट भरतेस, तर अर्थ सांग. तू मुळापर्यंत खणणारच, तेही वाचीन.

दुसरं असं. बाबा गेल्यापासून काका येताजाता सुनावतात, की दुकान सख्ख्या लेकीचं; आईच्या दुसऱ्या लग्नात तिचं बोट धरून आलेल्याने त्यावर बसू नये. महिनाअखेर किल्ल्या तुला पाठवतो आणि कारखान्यात नोकरी धरतो. रागावू नकोस.

आहे तो लोभ तसाच राहू दे.
छोटू

दि. १२ मार्च

चि. छोटूस,
अ. उ. आ.

शब्द आहे 'एर्मानो'. अर्थ भाऊ. आता गंमत ऐक. स्पॅनिश ज्या लॅटिनमधून आली, तिच्यात भाऊ म्हणजे 'फ्रातेर'. तो एकाच आईबापाचा, सख्खा, हे सांगायचं तर पुढे 'गेर्मानुस' जोडायचे. स्पॅनिश बोलणाऱ्यांनी हळूहळू 'भाऊ' गाळला आणि 'सख्खा' तेवढा ठेवला. आता जिवलग दोस्तालाही तेच म्हणतात! सावत्रासाठी निराळा शब्द आहे तिथे, पण मला तो कामात कधी लागला नाही. घरात तर नाहीच नाही.

किल्ल्या पाठवल्यास तर पार्सल न उघडता परत करीन. मला गजराच्या घड्याळाला धड चावी देता येत नाही, दुकान घेऊन काय करू?

एक कर. दुरुस्त झालेल्या प्रत्येक घड्याळाच्या झाकणात बाबा आतून तारीख आणि दुरुस्ती कुणी केली ते कोरायचे. तू पहिल्यांदा एकट्याने जोडलेलं घड्याळ अजून त्यांच्या टेबलावर आहे ना? उघड. आत काय आहे, मलाही ठाऊक नाही. लगेच कळव, चैन पडत नाहीये.

भांडायचा हक्क राखून,
ताई

दि. २० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उघडलं. स्क्रू गंजलेला, दोनदा हात सटकला. आत बाबांचं किरटं अक्षर: तारीख आणि खाली 'मुलाने दुरुस्त केले'. मागेपुढे काही नाही. भिंग लावून पाहिलं, खाडाखोडसुद्धा नाही. बाबांनी काय गाळलं, ते तुला सांगायला नको.

कारखान्याला नकार कळवलाय. किल्ल्या खिळ्याला आहेत.

काल काका त्यांचं बंद पडलेलं मनगटी घड्याळ घेऊन आले, नेहमीचं सुनावून बसले. मी ते दुरुस्त केलं, झाकणात तारीख कोरली आणि खाली 'पुतण्याने दुरुस्त केले'. झाकण घट्ट बसवून दिलंय. त्यांना अजून सांगितलं नाही.

भांडणासकट लोभ असू दे.
छोटू