सासऱ्यांचा चाकू कोणाकडे जाणार

३ फेब्रुवारी, मंगळवार
सात महिने काही लिहिले नाही, याबद्दल वहीची माफी मागतो. वही सापडत नव्हती. (हे पूर्ण खरे नाही. शोधली नव्हती.)

आज कारण मोठे आहे. सासऱ्यांनी त्यांचा घडीचा चाकू महिनाभर मला वापरायला दिला आहे. आधीचा महिना तो साडूंकडे होता. माझा महिना या रविवारी संपतो; त्या दिवशी सासरे येऊन तो कायमचा कोणाला द्यायचा ते ठरवणार. आजवर प्रत्येक चांगली गोष्ट साडूंकडे गेली. हा चाकू जाऊ देणार नाही.

साडूंनी तो रुमालात गुंडाळून ठेवला आणि तसाच परत केला. इथेच ते चुकले. चाकूची कदर वापरण्यात असते. मी मात्र आजवर फक्त दोन पाकिटे फोडली आहेत. निश्चय: रोज एक अवघड काम.

४ फेब्रुवारी
रंगाचा डबा उघडला. पात्याचे टोक किंचित वाकले. किंचित म्हणणे बरोबर नाही. वाकले. फरशीवर दाबून सरळ केले. बऱ्यापैकी.

५ फेब्रुवारी, सकाळी ७.१०
स्वयंपाकघरातल्या कपाटाची बिजागरी सैल आहे. चाकूने स्क्रू आवळायला घेतले. बायको म्हणाली, अहो, स्क्रूड्रायव्हर नावाची वस्तू दुकानात मिळते. म्हटले, चांगला चाकू असणाऱ्याला ती लागत नाही. म्हणाली, बरं, दार पडेल तेव्हा माझ्या अंगावर नको.

७.२५
टोक तुटून स्क्रूच्या खाचेत राहिले. एका अर्थी बिजागरी मजबूत झाली.

६ फेब्रुवारी
टोकाशिवाय पाते जास्त सुरक्षित वाटते. अडकलेल्या खिडकीच्या फटीत घालून जोर लावला. खिडकी उघडली नाही. पाते आता डावीउजवीकडे हलते. मुलगी म्हणाली, बाबा, हा पडायला आलेल्या दातासारखा झालाय. मी त्याला लवचीकपणा म्हणतो. पाते धरून ठेवणारा खटकाही लागत नाही, त्यामुळे ते मनात येईल तेव्हा मिटते. अंगठ्याला पट्टी. जखम क्षुल्लक. दोनदा झाली.

७ फेब्रुवारी
स्वतःला विचारले, हे सगळे चाकूसाठी की साडूंना हरवण्यासाठी? उत्तर: चाकूसाठी. वीस मिनिटांनी फेरविचार: साठ टक्के साडू. चाकूला तेल घातले. आता तो न सांगता उघडतोही.

८ फेब्रुवारी, रविवार
सासरे आले. साडूही. सासऱ्यांनी चाकू हातात घेतला, तर पाते लटकले. याने काय काय केलंत, त्यांनी विचारले. ही वही आणून तारीखवार वाचून दाखवले. साडूंना खोकला आला. खोकलाच असावा.

सासरे म्हणाले, जावईबापू, जन्मभर मी पुस्तकांची बांधणी केली. एकतीस वर्षांत याने कागद आणि दोरा सोडून काही कापलं नाही. घडीचा चाकू मुळातच मधोमध मोडलेला असतो हो. त्याला आणखी किती मोडायचं?

मग सासरे हसले आणि म्हणाले, ठेवा तुम्हीच. आता दुसऱ्या कोणाला देण्यासारखा राहिला नाही.

म्हणजे योजना यशस्वी. चाकू माझा. साडूंना त्यांनी हत्यारांची पेटी दिली, सगळी हत्यारे घातलेली. बहुधा समजूत काढायला.

चहा चालू असताना कपाटाचे दार पडले. बायकोच्या अंगावर नाही.

उद्या: साडूंकडून स्क्रूड्रायव्हर मागून आणणे.