एन्डोग्लिन आणि सासूबाईंचं नाक

१४ जानेवारी, अकिता, जपान
चालतात! प्रवाहाच्या उलट चालतात! झेब्रा माशाचं दोन दिवसांचं पिल्लू, काचेसारखं आरपार. त्याच्या रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या पेशी रक्ताचा लोंढा अंगावर घेत हृदयाकडे सरकतात. सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढवेना. प्रयोगशाळेचे प्रमुख कुदो सर मागून म्हणाले, "जेवून घे गं, मासे कुठे पळून जात नाहीत."

१६ जानेवारी
आज एन्डोग्लिन नसलेली पिल्लं. वाढीचा संदेश रक्तातून येतोय, तो घेणारं मुख्य प्रथिनही पेशीवर जागच्या जागी आहे. नाही ते फक्त हे जोडीचं प्रथिन — संदेश धरून मुख्य प्रथिनाच्या हाती देणारं. तेवढ्यानं काय बिघडावं? पेशी फुगल्या. उलट चालेनात. मधल्या बारीक फांद्या गाळून धमनी थेट शिरेला जाऊन मिळाली! एवढ्याशा गोष्टीवर एवढं सगळं उभं आहे...

१७ जानेवारी
पुन्हा पाहिलं. पुन्हा तेच. अंगावर काटा.

२५ जानेवारी
दुपारी सासूबाईंकडे. किरितांपोचं, म्हणजे भाताच्या कांड्यांच्या रश्श्याचं, भांडं उकळत होतं, तोच त्यांच्या नाकातून रक्त. माझ्या नवऱ्यानं, शुइचीनं, मान वर न करता कागदी रुमाल पुढे केला. "आईकडच्या सगळ्यांचंच नाक असं."
"तुझ्या बाबांचं बरं होतं," त्या नाक चिमटीत धरून म्हणाल्या, "नुसतं घोरायचं!"
सगळे हसले. मी त्यांच्या ओठांकडे बघत होते. टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके. हे ठिपके मला माहीत आहेत — माणसांत एन्डोग्लिन कमी पडलं की येतात.

२७ जानेवारी
सासूबाईंना सांगितलं, इस्पितळात तपासून घ्या. "मी काय तुझा मासा आहे?" भडकल्या. मग जरा वेळानं, "येते बाई. पण येताना बाजार करायचा."

१२ फेब्रुवारी
सासूबाईंच्या फुप्फुसात सापडलं. धमनी थेट शिरेत. अगदी माझ्या पिल्लांसारखं! जनुकाची एक प्रत बिघडलेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमचा मेंदू स्वच्छ आहे. काहींना हा गुंता मेंदूत असतो. तो फुटला तर तरणंताठं माणूसही जातं." सासूबाई बाजार न करताच घरी निघाल्या. शुइचीचीही तपासणी करायचीय.

२० फेब्रुवारी
मांडीतून केसासारखी नळी फुप्फुसापर्यंत नेली, ती चुकीची वाट बुजवली. डॉक्टरीणबाईंनी मला पडद्यावर दाखवलं — रक्त वळलं आणि बारीक बारीक फांद्यांत शिरलं. माझे हात आपोआप जोडले गेले.

२१ फेब्रुवारी
सासूबाईंनी शुइचीला चहा आणायला पिटाळलं आणि माझं मनगट धरलं. "मला एक भाऊ होता. सोळा वर्षांचा. खेळताना मी ढकललं, बर्फात पडला, उठलाच नाही. डोक्यात रक्तस्राव झाला म्हणाले. नाक त्याचंही वाहायचं गं."
मी विचारलं, "बर्फ कडक होता?"
त्यांनी तळहात उशीवर दाबून पाहिला.
"नाही. कापसासारखा होता."