आमची साध्या कपड्यांतली

३ मार्च
झाली! झाली! नात डिटेक्टिव्ह झाली! इतकी वर्षं चौकात उभी राहून ट्रकवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या, आता गुन्हे शाखेत बसून चोर शोधणार. तोंडी परीक्षेला चार साहेब होते म्हणे. एकाने विचारलं, "बडबडा साक्षीदार आला तर काय कराल?" ही म्हणाली, "घरी आजी आहे साहेब, सवय आहे." चौघेही हसले. पास! म्हणजे माझ्यामुळेच की!
माझी शाळा चौथीत सुटली. मास्तरांची बदली झाली आणि – ते जाऊ दे. आनंदाच्या भरात अक्षर कोंबडीचे पाय झालंय.

४ मार्च
जिना उतरता उतरता सगळ्यांना सांगितलं. औषधवाल्याला, शिंपीणबाईला, खालच्या शेजारणीला. तिच्या बँकेतल्या भाच्याचं पुराण कितीदा ऐकलंय मी. आज माझी पाळी!

६ मार्च
गणवेश नाही! साधे कपडे घालायचे म्हणे. आणि मी आजवर कसली कडक इस्त्री करायचे! म्हटलं, "अगं, मग लोकांना कळणार कसं?"
"कळू नये म्हणूनच तर, आजी." मग एकदम गंभीर. "तीन महिने पारख आहे. काही बिघडलं की परत चौकात. तू कुणाला सांगितलं नाहीस ना?"
मी पाणी प्यायला उठले.

१९ मार्च
काय घालून जाते पोरगी! मळकी पँट, माझी विटकी शाल. विचारलं की "काम आहे." बरं बाई.

२ एप्रिल
मेले! बुडवलं मी तिला!
शेजारीण सोबत होती, डोळे तपासून परत येत होतो. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानासमोर बाक आहे, त्यावर माझी शाल दिसली. शालीत नात! शेजारी एक माणूस, त्याच्या मांडीवर निळी पिशवी. माझ्या जिभेला हाड कुठलं – शेजारणीला दाखवायचं होतं ना! ओरडले, "अगं ए, आमची डिटेक्टिव्ह!"
माणूस दचकला. नातीने वर पाहिलं. "कोण हवंय तुम्हाला, आजीबाई?"
तुम्ही! जन्मात मला तुम्ही म्हणाली नाही. तिचे डोळे पाहिले आणि डोक्यात लख्ख उजेड पडला.
"अगंबाई, चुकलंच," म्हटलं. "डोळ्यांत औषध घातलंय, सगळ्या पोरी माझ्याच नाती दिसतात!" शेजारणीने तोंड उघडलं, मी तिच्या पायावर पाय दिला.
माणूस उठायला लागला. मी त्याची बाही धरली. "बस रे बाळा, जरा टेकू दे, गुडघा धरलाय." आणि केली सुरुवात. गुडघा, गुडघ्याचा डॉक्टर, डॉक्टरची उद्धट नर्स, धाकटी जाऊ, जावेचा गुडघा... बिचारा "हो आजी, हो आजी" करत घामाघूम. शेवटी दुसरा एक जण आला, पिशवी घेतली – आणि दुकानातून दोघे साध्या कपड्यांतले धावले! दोन्ही चोर धरले. पिशवीत लोकांच्या घरांतले दागिने! आणि सगळ्यांत पुढे कोण पळत होतं? माझी शाल!

३ एप्रिल
नात चहा न घेताच निघाली. निघताना एवढंच – "तो उठून गेला असता तर, आजी? दीड महिन्याची मेहनत होती सगळ्यांची." तिच्या शाखेच्या मोठ्या बाईंनी तिला बोलावलंय. चौकात परत गेली तर माझ्या तोंडामुळे. दुसऱ्या कुणामुळे नाही.

४ एप्रिल
वाचलो! मोठ्या बाईंनी विचारलं, "त्या म्हाताऱ्या बाईंना तिथे कुणी नेमलं होतं?" हिने खरं सांगितलं. बाई आधी खूप रागावल्या, मग हसू आवरेना. म्हणाल्या, "पकडलं ते ठीक. पण पुन्हा असं घडलं तर मी हसणार नाही."
शिंपीणबाईने विचारलं, "नात काय म्हणते?" म्हटलं, "सर्दी झालीय."

५ जून
कायम झाली! ओळखपत्र माझ्या हातात ठेवलं. उलटसुलट करून पाहिलं, पदराने पुसलं, परत दिलं. फोटोत जरा रागीट दिसते, माझ्यावर गेलीय. जिन्यात शेजारीण म्हणाली, "आज स्वारी भलतीच खुशीत!"
"गुडघा बरा आहे," म्हटलं. पोट फुगलं हो! पण नाही सांगितलं!

२१ जून
दुपारीच घरी आली. जेवली नाही. माझ्या मांडीवर डोकं ठेवून कामावरचं सगळं सांगितलं – कोण, कुठे, काय पाहिलं. पहिल्यांदाच. मग तशीच झोपली.
तुलासुद्धा नाही सांगणार, वही.