ते सांबार माझं होतं

सर,

तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली. अमरावतीच्या कॉलेजात तुमचा सर्व्हिसचा तास आता मी घेते. ताट कुठल्या बाजूने ठेवायचं, पाणी कुठून ओतायचं, पाहुण्याच्या तोंडासमोरून हात न्यायचा नाही, सगळं तुमच्याच शब्दांत शिकवते. हॉटेल मॅनेजमेंटची पोरं तीन वर्षं टाय लावून ऐटीत हिंडतात, आणि नोकरीला लागली की त्यातली बरीचशी वर्षाच्या आत घरी परत. कुणी बँकेच्या परीक्षेला बसतं, कुणी वडलांच्या दुकानात. प्राचार्य विचारतात, 'मॅडम, पोरं टिकत का नाहीत?' मी गंभीर चेहरा करून सांगते, नव्या पिढीत चिकाटी नाही. मी स्वतः अकरा महिन्यांत पळून आले होते, हे त्यांना माहीत नाही. तुम्हाला माहीत होतं. पण का, ते तुम्हालाही नव्हतं.

दर वर्षी नव्या वर्गाला पहिल्याच दिवशी तुम्ही सांबाराची गोष्ट सांगायचात. मी तुमच्या हाताखाली शिकवायला लागले तेव्हा मागच्या बाकावर बसून ती ऐकायची. तुम्ही फळ्याला पाठ टेकून उभे आहात, चष्मा कपाळावर. 'पोट्टेहो, आपल्या कॉलेजची एक पोरगी पुण्याले ट्रेनिंगले गेली. पाहुणा इडली खाऊन राहिला होता. म्हणे, सांबार आणा. हिनं वाटीभर कोथिंबीर नेऊन ठेवली! आपल्याकडं सांबार म्हंजे तेच ना.' वर्ग खो खो हसतो. मग तुमचा आवाज खाली येतो. 'पण पयाली नाही ते. टिकणारं माणूस असं असते.' ती पोरगी म्हणजे अंजनगाव सुर्जीची, भाजीपाला पिकवणाऱ्या घरची, माझ्या वर्गातली. तिचं नाव घेताना तुमचा चेहरा कसा उजळायचा, ते मी मागच्या बाकावरून बघायची आणि माझ्या पोटात दुखायचं.

सर, ती कोथिंबीर मी नेली होती. इडलीबरोबरचं सांबार मला ठाऊक नव्हतं असं नाही. आमच्या अकोल्यात काय इडली मिळत नव्हती? पण पुण्यातल्या त्या मोठ्या हॉटेलातला माझा तो तिसरा दिवस, सकाळपासून मी घाबरलेली, आणि घाबरलेल्या माणसाला घरचाच शब्द आधी ऐकू येतो. वाटी टेबलावर ठेवली, पाहुणा वाटीकडे बघतो आहे, वेटरांवर देखरेख करणारा कॅप्टन तरातरा येतो आहे. 'हे कोणी आणलं?' मी एक पाऊल मागे सरकले. तेवढ्यात माझ्याबरोबरच ट्रेनिंगला आलेली ती पुढे झाली. 'माह्याकून चुकलं, सर.' आणि पाहुण्याकडे वळून सरळ म्हणाली, 'काका, आमच्या वऱ्हाडात यालेच सांबार म्हणतात. तुमचं गरम आणते, बसा.' पाहुणा इतका हसला की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघू लागली. दुसऱ्या दिवसापासून तो तिलाच बोलवायला लागला. पुढे त्याच हॉटेलने आम्हा दोघींना नोकरी दिली. मला माझ्या मार्कांवर, तिला तिच्या तोंडावर.

तिने मला वाचवलं, तर मी तिचे पाय धरायला हवे होते. मला तिचा राग आला. पाहुणे येत आणि विचारत, ती पोरगी कुठे आहे? माझ्या हातातला ट्रे कधी हलला नाही, पण माझ्याबद्दल कधी कुणी विचारलं नाही. तुम्ही एकदा पुण्याला आला होतात, आठवतं? मला बाजूला घेऊन म्हणालात, 'तुह्यं सारं बरोबर असते वं, पण तू पाहुण्याकडं पायतच नाही.' आणि तिला तुम्ही तुमच्या हॉटेलातल्या नोकरीच्या दिवसांतला, बाटल्या उघडायचा जुना ओपनर दिलात. त्यानंतर महिन्याभरात मी राजीनामा दिला आणि घरी सांगितलं की तब्येत सोसत नाही. तुम्ही मला कॉलेजात घेतलंत. 'तू शिकव. तुले नियम पाठ आहेत.' तुम्ही प्रेमानेच म्हणालात. मला ते अजून लागतं.

मागच्या महिन्यात ती आली होती. आता पुण्यातलं अख्खं हॉटेल ती चालवते, आणि आपल्याकडची पोरं नोकरीला निवडायला आली होती. दारातूनच ओरडली, 'काहो मॅडम, वळखता का नाही?' पोरं तिच्याभोवती गोळा. वीस वर्षं पुण्यात राहून बोलणं तसंच, जराही लाज नाही. चहा घेताना मी हिय्या करून विचारलं, 'ते सांबार आठवते का तुले?' ती हसत सुटली. 'अवं, आठवत नाही तं काय! कसली येडी होतो मी. वाटीभर कोथिंबीर नेऊन ठेवली!' मी तिच्या डोळ्यांत बघितलं. ती माझी चूक झाकत नव्हती. इतकी वर्षं सांगून सांगून तिला ते खरंच वाटतं आहे. माझ्या हातून घडलेली एकच गोष्ट लोकांच्या लक्षात राहिली, आणि तीसुद्धा तिची झाली.

तिने निवडली ती नेमकी माझी सगळ्यात चांगली विद्यार्थिनी, शेंदूरजनाघाटची. पोरगी माझ्या केबिनमध्ये आली. 'मॅडम, जाऊ का नोको? तुमी म्हणसान तसं. बाबा नाही म्हणून राहिले. तुमी काहून सोडलं होतं?' मी म्हटलं, घरच्यांसाठी. मग तिला सगळं सांगितलं, पाय सुजतात, दिवाळीला घर दिसत नाही, लोक टाकून बोलतात. शब्द न् शब्द खरा होता. पण मी ते तिच्या भल्यासाठी सांगत नव्हते. तिचं तोंड एवढंसं झालं. संध्याकाळी तिच्या वडलांचा फोन आला. 'मॅडम, तिथं आपलं कोणी हाये का?' आता काय सांगणार? म्हटलं, माझी मैत्रीण आहे, चूक झाली तरी पोरीला एकटं पडू देणार नाही. पाठवा.

हे पत्र अकोल्याला तुमच्या घरी काकूंना नेऊन द्यावं, असं एकदा मनात आलं. नाही देणार. त्या वाचून हसतील आणि तिला फोन करून सांगतील. पोरीला जाऊन आठ दिवस झाले. आज तिचा फोन आला. मी मुद्दाम केबिनचं दार लावून घेतलं, रडली तर धीर द्यायला बरं म्हणून. ती रडत नव्हती, सर. मला वाईट वाटलं.