शिफ्ट सुटल्यावरची हाक

४ नोव्हेंबर

आज खोली लावली! आमच्या गावाहून, बिरशाहून, निघताना बाबांनी पदवीचं प्रमाणपत्र सोबत नेऊ दिलं नाही. आपल्या घरातलं पहिलंच आहे, भिंतीवर राहू दे म्हणाले. बालाघाटबाहेरच्या या खाण कॉलनीत एका संस्थेने मुलींसाठी कॉम्प्युटरचा वर्ग काढलाय आणि तिथली शिक्षिका मी. घरमालकीण गोदाबाई एकट्याच राहतात. अंगणात पपई, ओट्यावर मँगनीजची काळी धूळ, भिंतीला टेकलेली गंजकी सायकल. त्यांनी आल्याआल्या भाकर वाढली आणि एकच गोष्ट बजावली. संध्याकाळी शिफ्ट सुटल्याचा भोंगा झाला अन् कोणी "येऊ का?" विचारलं, तर "ये" म्हणायचं नाही. या कॉलनीत कोणीच म्हणत नाही. आपलं माणूस काही न विचारता घरात येते, म्हणाल्या. मला गंमत वाटली.

९ नोव्हेंबर

वर्गातल्या मुली जरा उसंत मिळाली की मोबाईलवर लढाई खेळतात. सैनिकांची तुकडी करून उतरायचं, बंदुका शोधायच्या, शेवटी जी तुकडी उरेल ती जिंकली. अंजू सगळ्यांत पटाईत. मी रागावले तर म्हणाली, मॅडम, पहले खेलके तो देखो, मग भाषण द्या. पैज लागली. मी तिच्यासोबत एकदा जिंकले, तर ती कोर्स अर्धवट सोडणार नाही. एक मुलगी टिकत असेल तर मी बंदूकही चालवीन.

१४ नोव्हेंबर

खेळ सुटत नाही. वर्गात फळ्याकडे पाठ करून उभं राहवत नाही, मागे कोणी असेल असं वाटतं. रस्त्याने जाताना आडोसे शोधते. अंजू हसते, मॅडम, जखमी दिसला की तुम्ही गोळ्यांत धावता, अशानं कधी जिंकाल? खरं आहे. घायाळ सोबती रांगतो, जवळ जाऊन बटण दाबून धरलं की उठतो. मला कुणाला मागे टाकवत नाही. शाळा सुटलेल्या माझ्या दोन्ही बहिणी आधीच मागे राहिल्यात.

१७ नोव्हेंबर

भोंगा वाजत असतानाच तुकडीत एक अनोळखी आला. नाव हेमराज. अंगावर सैनिकाचे कपडे नाहीत, डोक्यावर पिवळी टोपी, टोपीला दिवा. बंदूक उचलतच नाही. पडला. मी धावत जाऊन उठवलं. हेडफोनमध्ये त्याने अगदी हळू विचारलं, येऊ का? मला वाटलं, माझ्या आडोशाला यायचंय. म्हटलं, हौ, ये ना.

अंजू नंतर म्हणते, मॅडम कोणाशी बोलत होत्या? आपण दोघीच तर होतो.

१८ नोव्हेंबर

आज पहिल्यांदा गोदाबाईंच्या आतल्या खोलीत गेले. हार घातलेला फोटो. पिवळी टोपी.

त्यांचा मुलगा, हेमराज. गेल्या साली खाणीत दरड कोसळली, देह सापडला नाही. तेव्हापासून भोंगा झाला की विचारतो. "माय आहो मी, बाई. रोज तोंडात पदर कोंबून बसतो. कोणी एकदा ये म्हटलं का तो निघते. दाराशी आला का परत विचारते. तवा जो ये म्हणन, त्याले त्याच्या जागी जा लागते." मग माझ्याकडे बघत राहिल्या. तू तं नाही ना म्हटलं?

मी नाही म्हणाले.

२० नोव्हेंबर

परवाच खेळ काढून टाकला. काल सकाळी फोनवर परत होता. आज पुन्हा उघडला — जंगल नाही, शहर नाही. पपई. काळा ओटा. गंजकी सायकल. माझा सैनिक आमच्याच दारात उभा. कोपऱ्यावरून कोणीतरी रांगत येतंय.

काल उघडला तेव्हा ही पिवळी टोपी कॉलनीच्या फाटकाशी होती.

२१ नोव्हेंबर

वर्गाला गेले नाही. अंजू पाहायला आली. दाराबाहेरून म्हणाली, मॅडम, येऊ का?

मी उत्तर दिलं नाही. अंजूच होती. बहुतेक. चिडून गेली.

२२ नोव्हेंबर

भोंगा. फोन बंद होता, तरी आवाज घरभर. येऊ का? दारापाशीच. मी दोन्ही हातांनी तोंड दाबलं. तोंड आपोआप उघडत होतं —

गोदाबाई चुलीपासून उठल्या. सगळं समजल्या असाव्यात. म्हणाल्या, तू शिकेल-सवरेल पोरगी आहेस, तुह्यं जायाचं वय नाही. अन् मले त्याले पाहाचं बी आहे.

दार उघडलं. ये बाबू, म्हणाल्या.

२३ नोव्हेंबर

गोदाबाई नाहीत. चपला ओट्यावर. काळी पावलं आत आलेली, बाहेर गेलेली नाहीत. आतल्या खोलीत कोणी भाकर खातंय. सावकाश.

बिरशाची बस — दारापर्यंत जाववत नाही. फोन हातातून सुटत नाही.

भोंगा झाला

तुकडीत गोदाबाईंचं नाव. हिरवं लुगडं. ओट्याखाली रांगताहेत. डोक्यावर जीव दाखवणारी लाल पट्टी, कमी होत चाललेली. बटण दाबून धरलं तर — मला माहीत आहे कोणाला त्यांच्या जागी जावं लागेल. बाबा, प्रमाणपत्र भिंतीवरून काढू नका —

पण त्या माझ्यासाठी गेल्या. मागे कशी टाकू

दाबलं. उठल्या. आता दाराशी आहेत. विचारताहेत.

हौ मावशी, ये